एन्टेरोकोकाय मोजणी, खेप 4: गाळायचं किती आणि उबवायचं कसं

पाण्यातले एन्टेरोकोकाय, म्हणजे विष्ठेतून येणारे आतड्यातले जंतू, मोजायचे: पाणी पडद्यातून गाळायचं, पडदा माध्यमाच्या ताटलीवर ठेवून उबवायचा. माध्यम (जंतू ज्यावर वाढतात तो थर) खेप 3 चंच, एमईआय अगार. पडदा 47 मिमीचा, छिद्रं 0.45 मायक्रॉन. बदल फक्त दोन.

पहिला, गाळायच्या पाण्याचा. खेप 3 मध्ये सरसकट 100 मिली गाळलं आणि ताटल्या निळ्याशार झाल्या; वसाहतींभोवतीची (वसाहत म्हणजे जंतू वाढून झालेला ठिपका) निळी वलयं एकमेकांत मिसळली की मोजणी संपलीच. आता एकाच नमुन्याचे 1, 10 आणि 100 मिली असे तीन पडदे. ज्या ताटलीत 20 ते 60 वसाहती असतील तीच धरायची: 10 मिलीला 34 आल्या, तर 100 मिलीला 340. 1 मिली थेट पडद्यावर सोडलं तर जंतू एकाच जागी गोळा होतात. आधी नरसाळ्यात 20 मिली निर्जंतुक बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), मग नमुना. गाळून झाल्यावर नरसाळ्याच्या कडा बफरने दोन-तीनदा धुवायच्या.

दुसरा, उबवणीचा. हवं 41 अंश सेल्सिअस, अर्धा अंश इकडेतिकडे, 24 तास. कोरड्या पेटीचं दार उघडलं की तापमान पडतं, शिवाय वरच्या-खालच्या कप्प्यांत फरक असतोच. म्हणून ताटल्या झिपच्या पिशवीत बंद करून, पालथ्या, वॉटर बाथमध्ये बुडवल्या. बाथच्या डिस्प्लेवरचा आकडा नव्हे, ताटल्यांशेजारी बुडवलेला थर्मामीटर खरा.

एका ताटलीत मधोमध टक्कल पडलं होतं. कारण पडद्याखालचा हवेचा बुडबुडा. तिथे माध्यम पोचत नाही. पडदा एका कडेने टेकवत हळूहळू लोळवत ठेवायचा. बुडबुडा दिसला तर उचलून पुन्हा.

मोजताना वसाहतीच्या रंगाला भुलू नका. गुलाबी असो वा राखाडी, निळं वलय असेल तरच धरायची, आणि वसाहत निदान अर्ध्या मिलिमीटरची हवी. एन्टेरोकोकायचं बीटा-ग्लुकोसिडेज हे विकर माध्यमातलं इंडॉक्सिल ग्लुकोसाइड फोडतं, त्यातून हा निळा रंग येतो. मोजायचे नसलेल्या ग्रॅम-ऋण गटातल्या जंतूंना माध्यमातलं नॅलिडिक्सिक आम्ल थोपवतं. भिंग आणि तिरका उजेड नसेल तर फिकट वलयं हमखास सुटतात.

नुसत्या बफरची कोरी ताटली सुरुवातीला एक, शेवटी एक. शेवटचीत निळं दिसलं तर नरसाळं नीट धुतलं गेलेलं नाही. ती सगळी मालिका बाद.

नमुना 10 अंशांखाली, पण गोठू न देता, 6 तासांच्या आत गाळायला घ्या. क्लोरीनचं पाणी असेल तर बाटलीत आधीच क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट हवं. वापरलेल्या ताटल्या ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय कचऱ्यात नाहीत.

खेप 5: प्रत्येक मापाच्या दोन-दोन ताटल्या.