घोडीचे नाल काढले, घोड्याला ठोकले

आषाढी एकादशी तोंडावर आली होती. आमच्या नागपुरात लग्नाच्या घोडीवाल्यांचा धंदा तिथे बसतो, तो थेट तुळशीच्या लग्नानंतरच उठतो. त्यामुळे कामठी रोडवरच्या तबेल्यातून फोन आला तेव्हा मालकाची घाई मला लगेच कळली. सीझनमधली शेवटची वरात ठरलेली आणि पांढरी घोडी पुढच्या डाव्या पायाने लंगडत होती. "मॅडम, नवीन नाल ठोकायला चाचाले बोलावलं आहे. तुम्ही फक्त दुखण्याचं इंजेक्शन देऊन टाका."

इंजेक्शन दिलं असतं तर वरात निघालीही असती. दुखणं दाबून सिमेंट रोडवर बँडपुढे नाचवलेली जनावरं मी नंतर पाहिली आहेत, म्हणून आधी घोडी चालवायला लावली. दुखरा पाय टेकला की ती मान वर उचलायची. चांगला घोडा सपाटीवर चालताना टाच आधी टेकवतो, नाहीतर सगळा खूर एकदम. ही टोक आधी टेकवत होती.

मनात पहिली शंका लॅमिनायटिसची, म्हणजे चुकीच्या खाण्याने खुराच्या आत येणाऱ्या सुजेची. वरातीत घोडीला कोण काय भरवेल याचा नेम नसतो. हरभरा झाला, गूळ झाला, वर नवरदेवाच्या मामाची जिलेबी. पण खूर गरम लागत नव्हता आणि मागच्या बाजूने खुराकडे उतरणारी नाडी उडत नव्हती. खुराच्या चिमट्याने टोकाकडे दाबलं तर घोडी शांत, टाचेकडे सरकले तशी तिने पाय हिसकावला.

पाय उचलून चिखल खरवडला आणि नाकाला रुमाल लावावा लागला. तळव्याच्या मध्ये जो त्रिकोणी रबरी भाग असतो, नालबंद त्याला पुतली म्हणतात, तो सुकून बोटभर पट्टी उरला होता. मधल्या भेगेत काळा, घाणेरडा वास मारणारा चिकटा. नाल एक माप लहान. आधीच्या कोणीतरी नाल पायाच्या मापाने वाकवायच्या ऐवजी खूरच नालेच्या मापाने कानसला होता आणि खिळे पार टाचेपर्यंत मारले होते. भार पडला की टाच थोडी फाकते. तिथेच खिळे ठोकले तर ती फाकणार कशी? तो माणूस मूळचा बैलांचे नाल ठोकणारा, हे मालकानेच नंतर सांगितलं.

नालबंद चाचांनी एकेक खिळा सुटा करून ओढला. ही पद्धत मला आवडते; पक्कड लावून आख्खा नाल उपटला की खुराच्या भिंतीचे, म्हणजे बाहेरच्या टणक कवचाचे, तुकडे निघतात. आतल्या बाजूचा शेवटचा खिळा बाहेर आला तो ओला. टोकाला काळसर पू. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक पांढरी रेष असते; खिळा तिच्या आत, जिवंत भागाला चिकटून गेला होता. पुवाला वाट करून दिली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं (घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो) आणि गरम पाण्यात एप्सम मीठ घालून पाय शेकायला सांगितला.

"आता नाल?" मालक.

"आता नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत चारही पाय मोकळे."

"पांढरा खूर हाय मॅडम. पांढरा खूर कच्चा ऱ्हाते." हे मी प्रत्येक तबेल्यात ऐकते. रंगाने खुराची ताकद ठरत नाही. त्याच घोडीचे मागचे पांढरे खूर टणक होते. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. खिळ्यांची भोकं तळापासून दोनेक सेंटीमीटरवर, म्हणजे अडीच-तीन महिन्यांत ती खाली येऊन कानसून निघतात. चातुर्मासाएवढी आयती सुट्टी लग्नाच्या घोडीला दुसरी मिळत नाही. अट एकच: आपल्या काळ्या मातीच्या चिखलात उभं ठेवायचं नाही. खाली मुरूम टाका, पाय रोज खरवडा, भेगेत मोरचुदाच्या पाण्यात भिजवलेला कापूस.

निघता निघता कोपऱ्यातल्या तांबड्या घोड्याकडे लक्ष गेलं. हा बग्गीला जुंपायचा, पावसाळ्यातही शनिवार-रविवार काम. मालकाच्या पोराने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं की बिननालेचा घोडाच नैसर्गिक, म्हणून याचे नाल उन्हाळ्यातच काढलेले. तळव्यावर अंगठा दाबला तर तळवा दबला. पांढरी रेष ताणलेली, तिच्यात गिट्टीचे बारीक खडे रुतलेले. सिमेंटवर खूर वाढतो त्याहून जास्त झिजत होता.

"याला नाल ठोका, नाहीतर काम बंद."

मालक माझ्याकडे पाहतच राहिला. "तिचे काढून राह्यल्या, अन् याले ठोकून राह्यल्या? काहून?"

पोरगा मात्र खूश नव्हता, त्याचा व्हिडिओ खोटा ठरला असं त्याला वाटलं. व्हिडिओ खोटा नसेलही. पण ज्या घोड्यांचा तो होता, ती माळरानावर चरत असतील.

पुढच्या दोनच पायांना ठोकायचं ठरलं. घोड्याचा साठेक टक्के भार पुढेच असतो. चाचांनी नाल ऐरणीवर उघडून टाचेकडे किंचित रुंद ठेवला आणि खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढेच मारले. ठोकताना त्यांचा कान हातोडीवर. खिळा टणक भिंतीतून चालला की आवाज चढत जातो. एका ठिकाणी तो बसका आला. त्यांनी काही न बोलता खिळा काढला आणि वेगळ्या भोकातून मारला.

वरातीचं काय झालं? मालकाने नवरीकडच्यांना फोन लावून बग्गी देऊ केली. मी मान हलवली, तांबड्यालाही दोन-चार दिवस आराम हवा होता. शेवटी नवरदेव उघड्या जीपमधून गेला आणि आगाऊ रक्कम परत करावी लागली, याचा राग माझ्यावर निघालाच.

दीड महिन्यांनी नाल बदलायला चाचा आले तेव्हा मीही गेले. तांबडा रस्त्यावर बिनघोर पाय टाकत होता. घोडीची भेग कोरडी, पुतली रुंदावायला लागलेली, खिळ्यांची भोकं निम्मी खाली उतरलेली. आता कार्तिकात तिला नाल किती पायांना, यावर जुंपली आहे. मी म्हणते पुढचे दोन आणि तेही तेव्हाचा खूर पाहून. मालक म्हणतो चारही, कारण टापांचा आवाज आल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत.