कॉलेज आइस हॉकी: लीगचा पहिला गोलकीपर निवडायचा कसा?

बॉस्टनच्या आसपास राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात कॉलेज हॉकी भेटते. इथल्या 'हॉकी ईस्ट' लीगमध्ये ११ संघ आहेत आणि प्रत्येकाचे २४ साखळी सामने होतात. मार्चमध्ये लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंचा मानाचा 'पहिला संघ' जाहीर होतो. त्यात तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन आणि गोलकीपर मात्र एकच. वाद पेटतो तो या एका जागेवरून.

खडकीत हॉकी पाहत वाढलेल्यांनी आधी मापं लक्षात घ्यावीत. मैदानी हॉकीचा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच, बर्फावरचा ६ बाय ४. इथे चेंडू नसतो, १७० ग्रॅमची रबरी चकती असते, पक. गोलकीपर जाडजूड पॅड घालून जवळजवळ अख्खा गोल झाकतो. तरीही पक आत जातो, कारण तो निघताना गोलकीपरला अनेकदा दिसलेलाच नसतो. समोर दोन-तीन जण उभे असतात.

वर्तमानपत्रात दोन आकडे छापतात. पहिला म्हणजे सामन्यामागे खाल्लेले गोल: एकूण गोलांना ६० ने गुणायचं आणि खेळलेल्या मिनिटांनी भागायचं. दुसरा सेव्ह टक्केवारी, म्हणजे गोलवर आलेल्या शॉट्सपैकी किती अडवले. खांबाला लागून परतलेला पक शॉट म्हणून मोजत नाहीत. शेवटच्या मिनिटांत गोलकीपरला बाहेर बोलावल्यावर रिकाम्या जाळीत गेलेला गोलही त्याच्या नावावर लागत नाही.

आमच्या मते पहिला आकडा या निवडीत जवळजवळ निरुपयोगी आहे. हिशेब करून पाहा. समजा 'क' या गोलकीपरवर सामन्याला २२ शॉट्स येतात. २४ सामन्यांत ५२८ शॉट्स, ३७ गोल, टक्केवारी ९३. 'ख'चा बचाव कच्चा, त्याच्यावर ३३ शॉट्स. एकूण ७९२, गोल ६२, टक्केवारी ९२.२. सामन्यामागे 'क'चे दीड गोल आणि 'ख'चे अडीचच्या वर, म्हणून मत सरळ 'क'ला पडतं. आता लीगची सरासरी ९०.५ टक्के धरा. सरासरी गोलकीपरने 'क'च्या जागी ५० गोल खाल्ले असते, 'ख'च्या जागी ७५. म्हणजे दोघांनीही आपापल्या संघाचे १३ गोल वाचवले. काम अगदी सारखं! आम्ही हा वाचवलेल्या गोलांचा हिशेब सगळ्यात आधी मांडतो.

टक्केवारीतला फरक किती मोठा मानायचा, हेही इथेच कळतं. सामन्याला २८ शॉट्स धरले तर मोसमात ६७२ होतात. ९२ आणि ९२.५ यांतलं अंतर त्यावर साडेतीन गोलांचंही नाही. एखाद्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, शॉट्स मोजणारे हात सैल असतील, तर एवढा फरक तिथेच तयार होतो. ते यजमान संघाचे लोक असतात, म्हणून घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढून पाहावेत. पाच विरुद्ध पाच खेळताना टक्केवारी किती, हेही वेगळं काढावं. सहकारी सारखे शिक्षा होऊन पेनल्टी बॉक्समध्ये बसत असतील आणि संघ कमी माणसांनी खेळत असेल तर त्याचा भुर्दंड गोलकीपरला पडतो.

दुसरी चूक बीनपॉटची. फेब्रुवारीतल्या पहिल्या दोन सोमवारी बॉस्टनच्या चार कॉलेजांची ही स्पर्धा भरगच्च टीडी गार्डनमध्ये होते आणि तिथला एक सेव्ह वर्षभर डोळ्यांसमोर राहतो. पण ते सामने लीगच्या गुणतक्त्यात नसतात. लीगच्या मानासाठी लीगचे २४च सामने धरावेत.

कधीकधी आकडेच वाद मिटवतात. २०२१-२२ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हन लीवायची टक्केवारी (लीगबाहेरचे सामनेही धरून) ९५.२ होती आणि दहा सामन्यांत त्याने एकही गोल खाल्ला नाही. अशा वर्षी चर्चेला जागा उरत नाही. पण अशी वर्षं विरळाच.

आकडे जुळले की डोळ्यांनी पाहायचं, आणि पाहायचा तो रिबाउंड. पॅडला लागलेला पक कोपऱ्यात गेला की धोका टळला, समोर पडला की दुसरा शॉट आलाच. चांगला गोलकीपर पॅडचा कोन वळवून पक बाजूला घालवतो, छातीवर आलेला दाबून धरतो. पक जाळीच्या मागे असताना त्याचा पाय पाहा. घोटा आणि खांब यांत फट राहिली, तर मागून आलेला पक तिथूनच आत सरकतो.

लीगचे सामने बहुतेक शुक्रवार-शनिवार असे जोडीने होतात. शुक्रवारी पस्तीस शॉट्स झेललेला मुलगा शनिवारी तिसऱ्या पिरियडमध्ये गुडघ्यांवरून किती झटकन उठतो, हे आम्ही प्रत्यक्ष रिंकवर जाऊन पाहतो. टीव्हीचा कॅमेरा पकच्या मागे धावतो, त्यात हे दिसत नाही. त्यासाठी गोलच्या मागच्या रांगेतलं तिकीट काढावं लागतं.