पेटी दुरुस्तीला टाकली आणि पावसाळा सरला

एकोणीस वर्षांनी पुन्हा पेटी वाजवायचं ठरवलं तेव्हा बोटं वळतील का, याचीच धास्ती होती. बोटं नंतर तीन आठवड्यांत सुटली. अडलं ते पेटीपाशीच.

पलंगाखालून काढली तर भात्याचं चामडं कसरीने खाल्लेलं, दोन पट्ट्या दाबल्या की वरच येईनात, आणि मध्य सप्तकातला पंचम पट्टीला हात न लावताच वाजत राहायचा. जूनमध्ये दुकानात दिली. "आठ दिवसांत घेऊन जा, ताई." आठ दिवसांनी कारागीर गावाला. मग चामडं आलेलं नाही. मग गणपती तोंडावर, भजनी मंडळांच्या पेट्या आधी. मंडळांची निकड मला कळते हो, पण मग माझी पेटी जूनपासून खोलून का ठेवली?

ऑगस्टमध्ये सरळ आत जाऊन पाहिलं. 42 पट्ट्या, दोन लाइन (प्रत्येक पट्टीला दोन सूर), म्हणजे 84 सूर, आवाज देणाऱ्या पितळी पात्या; सगळे एका कॅरीबॅगमध्ये, कुठला कुठे बसायचा याची खूण नाही, पितळेवर पितळ घासतंय. बाबांनी घेऊन दिलेली पेटी ती. डोळ्यांत पाणी आलं. सूर टोकाशी घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो; गेलेलं पितळ काही परत येत नाही. म्हणून भात्याचंच काम असेल तर सूर काढू नका असं आधीच बजावा, आणि तारीख पावतीवर लिहून घ्या. मी घेतली नव्हती.

दसऱ्यानंतर एकदाची तयार झाली. दुकानातच खरज (खालच्या सप्तकाची) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकाची) दोन्ही लाइन उघडून षड्ज धरला, तर सुरात वूं-वूं अशा लाटा. "नवीन चामडं आहे, बसेल." चामड्याचा आणि लाटांचा काय संबंध? दोन सूर एकमेकांशी मिळाले नाहीत की लाटा येतात. मी उठलेच नाही. दीड तास एकेक षड्ज, एकेक पंचम ऐकून मिळवून घेतला. त्या दीड तासाचा मला अभिमान आहे.

हो, दुरुस्तीला देताना पेटी उघडून आतले फोटोही काढून ठेवा.

घरी आल्यावर पहिल्यांदा भूप राग घेतला, काळी तीनमधून, म्हणजे तिसरी काळी पट्टी सा धरून. तिथे सा, रे, ग, प, ध पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात. विसरलेल्या बोटांना चुकायला जागाच कमी. थकला तो भात्याचा डावा हात, म्हणून सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत.

भाऊबीजेला दादाने काळी एकमध्ये अभंग म्हटला, साथ मी केली. तो तार षड्जावर थांबला तेव्हा माझा पंचम त्याच्या आवाजाखाली स्वच्छ लागला होता, एकही लाट नव्हती.