आधी आपलं उत्तर

बुधवार, रात्री

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडतानाच पाऊस आला, तर पहिल्यांदा काय कराल आणि का? सकाळी एवढाच प्रश्न माझ्या दूरशिक्षणाच्या वर्गाच्या ऑनलाइन चर्चामंचावर टाकला. बागलाणच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं, आमच्याकडे छाटणी आगाप, म्हणजे इतरांच्या आधी. भाव मिळतो, पण पावसाची जोखीमही आमच्याच वाट्याला. निफाडच्या ताईंचं म्हणणं, पानं जेवढा वेळ ओली राहतील तेवढा डावणी हा बुरशीचा रोग फैलावतो, म्हणून फवारणीच्या आधी वेलीतली दाटी कमी करायची. त्यावर बागलाणहून लगेच विचारणा: ऐन वेळी मजूर नाही मिळाले तर? मी काहीच लिहिलं नाही. माझं उत्तर आलं की बोलणं तिथेच संपतं, हे वर्गात पुष्कळदा पाहिलंय.

मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीतला प्रश्नोत्तराचा मंच मी मुद्दाम निवडतो. स्वतःचं उत्तर टाकून दुरुस्तीचा वेळ, बहुधा अर्धा तास, सरल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. साध्या मंचावर पहिल्या चांगल्या उत्तराखाली ‘सहमत आहे सर’ची रांग लागते. किती वेळा लिहिलं यावर गुण द्यायला तर माझा ठाम विरोध आहे. त्याने रांग फक्त लांबते.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी 1989 साली तीन संवाद वेगळे सांगितले: विद्यार्थ्याचा पाठाशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी. त्याच वर्षी आपल्या नाशकात मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. छापील पुस्तकं पहिला संवाद सांभाळत, संपर्क सत्रात, म्हणजे प्रत्यक्ष भेटीच्या वर्गात, दुसरा व्हायचा. तिसरा मात्र सत्राच्या चहापुरता, मग जो तो आपल्या गावाला. माझ्या मते मंचाचं खरं काम हा तिसरा संवाद चालू ठेवणं आहे.

आणि तो सवडीने चालतो, हे फार मोलाचं. सुरगाण्याचा एक मुलगा संपर्क सत्रात मान वर करत नाही. रेंज मिळाली की रात्री उशिरा लिहितो, आणि नीट विचार करून लिहितो. आत्ताच त्याचं उत्तर आलं. द्राक्ष आपण कधी लावलं नाही, असं सांगून त्याने निफाडच्या ताईंना विचारलंय: दाटी कमी करताना नेमकी कुठली फूट काढता, आणि ती कशी ओळखता?

हे मला प्रश्नात घालायला हवं होतं असं वाटतं, इतकं ते नेमकं आहे. ताई सकाळी लिहितील. मी उद्या दुपारपर्यंत मध्ये पडणार नाही.