सोल्दो की सुएल्दो

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये बनलेली वेल्डिंगची फिक्श्चर्स, म्हणजे वेल्ड करताना भाग पकडून ठेवणारे साचे, बसवायला मी मेक्सिकोत गेलो होतो, केरेतारोला. जाण्याआधी पुण्यात तीन महिने संध्याकाळी स्पॅनिशचा क्लास केला. बाईंनी फळ्यावर बूट काढला. काही क्रियापदांची मी, तू, तो, ते ही रूपं बुटाच्या आत, तिथे धातूतल्या ‘ओ’चा ‘उए’ होतो. आम्ही-तुम्ही बुटाबाहेर, तिथे ‘ओ’ जसाच्या तसा. दोर्मीर म्हणजे झोपणे: मी झोपतो, दुएर्मो, आम्ही झोपतो, दोर्मीमोस. सगळं घोकलं. पण मला रोज लागणारं क्रियापद पुस्तकात नव्हतंच. पुस्तकातली माणसं झोपतात, फुटबॉल खेळतात, हॉटेलात जेवण मागवतात. वेल्डिंग कोणीच मारत नाही.

ते क्रियापद सोल्दार. बुटातलंच, म्हणजे ‘मी वेल्डिंग करतो’ला सुएल्दो. हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशीची दुसरी पाळी. एका फ्रेमला सहा किलोचं ब्रॅकेट जोडायचं होतं. तिथल्या जुन्या वेल्डरने, त्याला सगळे ‘माएस्त्रो’ म्हणजे उस्ताद म्हणत, आणि मला ‘इन्खे’ म्हणजे इंजिनियर, चार टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके, मारून ठेवले. पुढचं पक्कं वेल्डिंग मी करून दाखवणार होतो, कारण बीडचा, म्हणजे वेल्डच्या ओळींचा, क्रम चुकला की फ्रेम वाकते. तेवढ्यात वॉकीटॉकीवर सुपरवायझरने विचारलं, पीस कुठे आहे? मी ऐटीत म्हणालो, “ला सोल्दो.” म्हणजे, मी करतोय. स्पॅनिशमध्ये ‘मी’ वेगळा म्हणायची गरज नसते, हेही क्लासमध्येच शिकलेलो.

आता आपली जीभ मराठी. सगळी अक्षरं सारख्या वजनाने टाकायची आणि शेवटचा ‘ओ’ ऐसपैस लांबवायचा. सुपरवायझरच्या कानावर पडलं ‘सोल्दोऽ’, आघात शेवटी. आणि तसं रूप स्पॅनिशमध्ये खरंच आहे. भूतकाळ, तृतीयपुरुष: त्याने वेल्डिंग केलं.

मी वायरचा नवा स्पूल आणायला स्टोअरमध्ये गेलो. परत येतो तर फिक्श्चर रिकामं! ट्रॉली पीस घेऊन पेंटशॉपला पोहोचलीसुद्धा होती. तिथे त्यांनी नेमका ब्रॅकेटलाच हूक अडकवला आणि उचलला. चार टॅक कितीसे धरणार? फ्रेम खाली आदळली तो आवाज मला दोन शेड पलीकडे ऐकू आला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कोणी नव्हतं. अजूनही तो आवाज आठवला की पोटात गोळा येतो.

सुपरवायझर आला तो थेट माएस्त्रोकडे वळला. मी ‘त्याने केलं’ म्हणालो होतो ना! तो बिचारा परोपरीने सांगत होता की आपण फक्त टॅक मारले. मी मध्ये पडून “यो, यो”, म्हणजे ‘मी, मी’, म्हणत स्वतःच्या छातीवर बोट ठेवत राहिलो. क्लासचे सगळे पैसे त्या एका ‘यो’वर आले.

पाळी संपल्यावर माएस्त्रोने मला बाकावर बसवलं. हातोडीने लोखंडावर ठोकून दाखवलं: पहिलं अक्षर जोरात, दुसरं हलकं, म्हणजे मी. पहिलं हलकं, दुसरं जोरात, म्हणजे तो. तो स्वतः ‘सुएल्दो’ म्हणतच नव्हता. ‘सोल्दो’च म्हणायचा, पण ठोका पहिल्या अक्षरावर. व्याकरणात ते चूक. पण सुएल्दोचा दुसरा अर्थ पगार, म्हणून ‘सुएल्दो’ म्हटलं की म्हणे मुलं हसतात.

त्या ठोक्यांतून मला बुटाचं कोडं सुटलं. आघात धातूवर पडला की ‘ओ’ फुटून ‘उए’ होतो: सुएल्दो, सुएल्दा, सुएल्दान. आघात पुढे सरकला की ‘ओ’ शाबूत: सोल्दामोस, सोल्दोऽ. आपल्याकडे विहीर, पण विहिरीत. मूल, पण मुलाला. प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ बहुतेकदा आखडतो. तिथे कारण आघाताचं, इथे प्रत्ययाचं, पण आपण कुठे बूट काढून शिकतो? तोंडाला वळण पडलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी पुन्हा वाजला. पीस? मी बटण दाबलं, पहिल्या अक्षरावर हातोडी मारल्यासारखं म्हणालो, “ला सुएल्दो यो.”

क्षणभर शांतता. मग कुठल्यातरी शेडमधून आवाज आला, “सुएल्दो शुक्रवारी, इन्खे!”