तुमचं रनिंग किती?

टायर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘किती चालेल?’ पन्नास हजार, साठ हजार, ऐंशी हजार. समोरून जो मोठा आकडा येईल तिकडे मन झुकतं. ‘किती अंतरात थांबेल?’ असं विचारणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. खरं तर गाडी चालवायला इंजिन आहेच. ब्रेक कितीही भारी असले तरी ते फक्त चाक थांबवतात. गाडी थांबते ती टायरमुळे. आणि तेही केवढ्याशा जागेवर! एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा. असे चार तुकडे, आणि त्यांच्यावर हजार-बाराशे किलोंचं ओझं.

रबर रस्त्याला धरतं कसं, हे एकदा समजून घेतलं की पुढची सगळी ओढाताण लक्षात येते. डांबर वरून सपाट दिसलं तरी ते खडीचं बनलेलं असतं. मऊ रबर त्या खडीच्या उंचसखलपणात दबून बसतं, ताणलं जातं आणि मूळ आकारात परतायला किंचित वेळ लावतं. त्या दिरंगाईत ऊर्जेची उष्णता होते, आणि पकडीचा बराचसा भाग त्यातूनच येतो. म्हणजे ग्रिप हा बऱ्याच अंशी रबराचा आळस आहे म्हणा ना. पण जे रबर रस्त्याशी इतकी सलगी करतं, त्याचे कण रस्त्यावर राहणारच. शाळेतलं मऊ खोडरबर आठवा : अक्षर स्वच्छ पुसायचं आणि महिन्याभरात नखाएवढं व्हायचं. कडक खोडरबर वर्षभर टिकायचं आणि वही फाडायचं.

या आळसाला आणखी एक बाजू आहे. प्रत्येक फेऱ्याला टायर दबतो, सुटतो आणि तिथेही ऊर्जा वाया घालवतो. ती इंधनातून जाते. म्हणून टिकाऊपणा, ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनाची बचत ही तीन टोकं टायरवाले एका त्रिकोणात मांडतात. एक टोक ओढलं की दुसरं आत जातं. 1992 मध्ये मिशेलिन या टायर कंपनीने रबरात मिसळायच्या काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, घातलेले टायर आणले आणि हा त्रिकोण सगळ्याच बाजूंनी थोडा मोठा झाला. मिटला मात्र नाही. फॉर्म्युला वनमध्ये, जिथे पैशांची ददात नाही, तिथेही हेच रडगाणं चालू असतं. लाल पट्ट्याचा सॉफ्ट, पिवळ्याचा मीडियम, पांढऱ्याचा हार्ड. कोरड्या शर्यतीत यातले किमान दोन प्रकार वापरायचेच असा नियम, आणि कोणी कधी कोणता चढवायचा यावर शर्यती जिंकल्या-हरल्या जातात. फरक एवढाच की त्यांचे चारही टायर दोन-अडीच सेकंदांत बदलून होतात. आपल्याला एकदा घेतला की काही वर्षं त्याच्याशी संसार करायचा असतो.

मग बघायचं काय? टायरच्या बाजूवर वाकून पाहिलं तर बऱ्याच टायरांवर ‘ट्रेडवेअर’ आणि पुढे 300, 400, 500 असा आकडा कोरलेला सापडतो. ही अमेरिकेतली पद्धत. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ सुमारे 640 किलोमीटरचा ठरलेला रस्ता आहे. तिथे एका प्रमाण टायरसोबत नवा टायर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास फिरवतात आणि झिजेची तुलना करतात. प्रमाण टायरला 100 धरलं, तर 400 वाल्याने त्याच्या चौपट टिकावं, असा हिशेब. गंमत पुढेच आहे. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो कामाचा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या शाळांचे मार्क. शेजारी ‘ट्रॅक्शन’चं अक्षर असतं, एए पासून सी पर्यंत. तेही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवलेलं. वळणावर काय होईल, याबद्दल ते अक्षर गप्प.

युरोपात 2012 पासून टायरवर लेबल लावतात. त्यावर इंधन, ओली पकड आणि आवाज आहे. टायर किती टिकेल ते नाही. मला ही निवड पटते. टिकण्याचा अंदाज तसाही माणसागणिक बदलतो. हवा कमी ठेवली की दोन्ही कडा जातात, जास्त भरली की मधला पट्टा. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलं की आतली कड गुपचूप खाल्ली जाते आणि बाहेरून टायर झकास दिसत राहतो.

आता त्या ऐंशी हजारांकडे जरा जवळून बघू. नव्या कारच्या टायरला साधारण 8 मिलिमीटर खोल खाचा असतात. खाचेत बोट घालून फिरवलं तर मधे मधे आडवे उंचवटे लागतात. ते 1.6 मिलिमीटरचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. अनेक देशांत कायद्याची मर्यादाही हीच. म्हणजे आपण विकत घेतो ते साडेसहा मिलिमीटरसुद्धा नसतं. त्यातही शेवटचा भाग फसवा असतो. कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायर छान धरतो, कारण नक्षीचे ठोकळे बुटके झाल्याने कमी हलतात. पाऊस आला की मात्र त्या उथळ खाचांतून पाणी बाहेर जात नाही आणि गाडी पाण्याच्या थरावर तरंगायला लागते. म्हणून पावसात गाडी काढणाऱ्यांनी 3 मिलिमीटरलाच टायर बदलावा असं बरेच जाणकार सांगतात. मोठ्या आकड्यातले शेवटचे काही हजार किलोमीटर तिथेच वजा होतात.

शिवाय रबराला वय असतं, ते वेगळंच. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन यांनी ते कडक होत जातं, बारीक भेगा पडतात. गाडी नुसती उभी ठेवली तरी पडतात, उलट जास्तच. कारण रबरात मिसळलेलं संरक्षक मेण वर यायला टायर फिरावा लागतो. टायरच्या बाजूवर ‘DOT’ अक्षरांपुढे जो क्रमांक कोरलेला असतो, त्यातले शेवटचे चार आकडे जन्मतारीख सांगतात : 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी असली तरी काढा, असं अनेक कंपन्या सांगतात. डिकीतली स्टेपनी काढून पाहा. नक्षी कोरीकरकरीत, आणि वय पाचांत सर्वांत जास्त.

म्हणून मला ‘किती चालेल’पेक्षा टायरवाल्याचा उलटा प्रश्न जास्त शहाणा वाटतो : ‘तुमचं रनिंग किती?’ वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याने ऐंशी हजारांचा टायर घेतला, तर तो संपायला तेरा वर्षं लागतील. तोवर रबराचं लाकूड झालेलं असणार. अशा माणसाने चाळीस हजारांचा मऊ टायर घ्यावा. साडेसहा वर्षं निघतात आणि सगळा काळ पकड चांगली मिळते. कडक, टिकाऊ टायर शोभतो तो वर्षाला चाळीस हजार तोडणाऱ्या टॅक्सीला. प्रत्यक्षात उलटं दिसतं. गाडी कमी काढणारी काटकसरी माणसंच टिकाऊ टायरच्या मागे असतात, आणि त्यांना ती काटकसर वाटते.

मोटरसायकलवाल्यांनी यातून एक छान पळवाट काढली आहे. मधला पट्टा कडक, दोन्ही खांदे मऊ. सरळ जाताना कडक झिजतो, वळणावर कललं की मऊ धरतो. कारला असं कलता येत नाही, म्हणून चारचाकीवाल्याला निवड करावीच लागते.

आणि दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे घाला. स्टिअरिंग पुढे, मग नवे पुढे, असा हट्ट चालकमंडळी धरतात. पण ओल्या रस्त्यावर पुढचे सुटले तर निदान हाताला कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागचे सुटले की गाडी स्वतःभोवती फिरते. नवे चढवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने घ्यावेत. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश टायरवर असतो, आणि तो घासून जाईपर्यंत सगळ्यात महागडा मऊ टायरही थोडा घसरतोच.