रस्ता ओलांडायची जागा आधी निवडायला शिकवा

उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. हे मुलांना तोंडपाठ असतं. वाहनं डाव्या बाजूने चालतात, म्हणून पहिल्या अर्ध्या रस्त्यात गाडी उजव्या हाताने येते, हे कारण सांगितलं की क्रम चुकत नाही.

पण वडोदऱ्यात, दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात, तेवढ्यावर भागत नाही. कडेला गाड्या लागलेल्या असतात आणि सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जेमतेम बॉनेटच्या उंचीवर. त्याला रस्ता दिसत नाही, रस्त्यावरच्याला ते दिसत नाही. म्हणून दोनदा थांबायचं. पहिल्यांदा कडेला: लावलेल्या गाडीत कोणी बसलंय का, इंजिन चालू आहे का, मागचा पांढरा दिवा लागलाय का? दुसऱ्यांदा त्या गाडीच्या बाहेरच्या चाकाच्या रेषेत. तिथे पाय रोवून फक्त मान पुढे काढायची. मुलं नेमका हाच दुसरा थांबा गाळतात, आणि पळत सुटतात.

किती लांबची गाडी चालेल? ताशी 40 किलोमीटरने येणारी स्कूटर सेकंदाला 11 मीटर कापते. 7 मीटरचा रस्ता मूल साधारण 7 सेकंदांत ओलांडतं. तेवढ्यात स्कूटर 77 मीटर पुढे आलेली असते. वेगाचा हा अंदाज नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना नीट येत नाही, तो मागूही नका. रोजच्या जागेवरून दोन्ही बाजूंना मोठ्या माणसाची सव्वाशे पावलं मोजा आणि तिथला खांब किंवा दुकानाची पाटी ठरवून द्या. त्याच्या अलीकडे वाहन दिसलं की थांबायचं. त्या वयापर्यंत हातही सोडायचा नाही, आणि धरायचं ते मनगट. बोटं झटकन सुटतात.

डिव्हायडरवर पुन्हा थांबायचं. आता वाहनं डावीकडून येणार, तरी राँग साइडने येणाऱ्यांसाठी उजवीकडेही बघायचं. ई-रिक्षाचा आवाज फारसा येत नाही, तेव्हा कानांवर विसंबू नये. बसमधून उतरल्यावर बस निघून जाऊ द्यायची, तिच्या पुढून कधीच जायचं नाही.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीला पतंग उडवायच्या दिवसांत वेगळी तयारी लागते. कटलेल्या पतंगामागे धावताना नजर आकाशात असते, तिथे खांब-पाटी आठवत नाही. डिसेंबरपासूनच सोसायटीच्या आवारात खेळ घ्या: मूल पळत असताना मध्येच ‘थांब’ म्हणायचं, आणि पाय जागच्या जागी थांबले पाहिजेत. दुसरं पाऊल पडलं तर परत. मग तोच खेळ वर पतंग उडत असताना घ्या.